भुऱ्याचं अंथरूण

भुऱ्यानं पोट पुन्हा रक्ताळून घेतलं होतं. शालूबाईनं त्याच्यावर कडुलिंबाचं कोमट पाणी ओतलं, फडक्यानं टिपलं, करंजाचं तेल लावलं. कुत्रं मुकाट उभं राहिलं. अंग सुकलं तसं पुन्हा खाजवायला बसलं.

दोन महिने हेच. गोचीड नव्हते, पिसवा नव्हत्या. शिळी भाकर बंद केली, दूध बंद केलं. गोणपाट उकळत्या पाण्यातून काढलं, जमीन सारवली. गोणपाटावर अंथरलेला गोविंदाचा निळा शर्ट, समोरून टाके घातलेला, तेवढा धुतला नाही. धुतला की पोराचा वास जाणार, आणि त्या वासाशिवाय भुऱ्या तोंडात घास घेत नव्हता. पिल्लू होता तेव्हा गोविंदानंच त्याला शेतातून उचलून आणलं होतं.

शेजारचे माणिकराव कुंपणापाशी आले. हातात बाटली.

"वयनी, कपाशीवरचं औषध हाय. झाकनभर बादलीत टाका न् धुवा त्याले. एका दिसात खाज खल्लास."

शालूबाईनं बाटली हिसकली आणि त्यांच्याच अंगणात भिरकावली.

"हे पुन्हा माह्या दारात आनसान तं हात तोडीन, भाऊजी."

माणिकराव ओशाळले. "चुकलं, वयनी. पन लोक बोलून राह्यले. लेकरं खेळतात, न् याच्या अंगाले घाव. गोविंदाचा कुत्रा म्हनून गाव आजवर गप हाय. बाजाराच्या दिसापर्यंत बरा नाई झाला तं घाटाखाली सोडून येतीन म्हनतात."

गावाला कुत्र्याच्या घावाची किळस होती. घराघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेल्या त्या बाटल्यांची नव्हती. विषाला इथं सगळे औषधच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तिनं भुऱ्याला गोधडीत गुंडाळलं आणि धाड गावाला जाणारी जीप धरली. जीपवाला म्हणाला, कुत्रं टपावर टाक. ती म्हणाली, तूच बस टपावर. कुत्रं मांडीवरच राहिलं.

जनावरांच्या डॉक्टरनं भुऱ्याला उताणं केलं. "पोट आणि गळा. पाठ साफ आहे." मग त्यांनी वाकून वास घेतला आणि भडकलेच. "फवारणीचं औषध लावलंत ना, मावशी?"

"नाई जी. थेंब नाई लावला."

"सगळे हेच म्हणतात. जनावर मरायला टेकलं की इथं आणतात."

"पोराची आन, डॉक्टरसाहेब."

"कुठं असतो पोरगा?"

"शेगावले. लॉजवर कामाले हाय."

डॉक्टरांचा आवाज उतरला. "मग हा ज्याच्यावर पोट टेकवून झोपतो, त्याला लागलेलं आहे. धुऊ नका, जाळून टाका. चामडीतून रक्तात जातं हे. नाहीतर हा वाचत नाही." त्यांनी आता तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या उजव्या गालाला काय झालंय?"

शालूबाईनं पदर पुढे ओढला. "उनाचं हाय."

परतताना सारा रस्ता ती भुऱ्याचे कान चोळत राहिली.

घरी येऊन तिनं गोणपाट चुलीत घातलं. मग धुतलेली गोधडी आणि भुऱ्याची ताटली उचलली, भुऱ्याला माणिकरावांच्या ओसरीवर नेऊन बांधलं.

"आजपासून हा तुमचा. खाज थांबन त्याची. फक्त माह्या घरात येऊ देऊ नका."

"काऊन, वयनी? तुमचा तं जीव हाय त्याच्यात."

"म्हनूनच."

भर दुपारी तिनं दार आतून लावलं. पलीकडच्या ओसरीवर भुऱ्या साखळी ताणून केकाटत होता. शालूबाई जमिनीवर कुशीला झाली. निळा शर्ट तिनं रोजच्यासारखा उजव्या गालाखाली घेतला आणि समोरच्या टाक्यांवरून बोट फिरवत पडून राहिली. गोविंदा मेला त्या दिवशी, फवारता फवारता बांधावर कोसळलेल्या त्याच्या अंगातून हा शर्ट काढताना दवाखान्यातली कात्री तिथूनच चालली होती.