वाढतं माप

मास्तरांनी टेपचं टोक सोडलं, पण ते खाली पडलंच नाही. रिकाम्या खुर्चीच्या पाठीपाशी, हवेत, क्षणभर तसंच राहिलं. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या त्यांच्या मुलीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“खांदा साडेतेरा,” मास्तर म्हणाले. “लिहिलंस का?”

खांद्यावरून घसरलेला पर्सचा पट्टा वर ओढत तिने लिहिलं. न लिहून सांगते कुणाला? इथला नियमच होता तो. पलंगाच्या पायथ्याशी एक वही टांगलेली असे. पेशंट दिवसभरात जे बोलेल ते घरच्यांनी तिच्यात उतरवायचं. कुठे दुखतं, कशाची भीती वाटते, कुणाची आठवण येते. त्यावरून संध्याकाळची औषधं ठरायची. डॉक्टरांनी हात टेकलेल्या माणसांचं घर होतं ते. दहा खोल्या, मोठाल्या खिडक्या आणि यंत्र एकही नाही. पेशंटला खोटं पाडायचं नाही, हा दुसरा नियम.

मास्तरांनी पन्नास वर्षं लोकांचे कपडे शिवले. बायको गेली तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. तिच्या वेण्या घालण्यापासून ते फ्रॉक शिवण्यापर्यंत सगळं यांनीच केलं, आणि दुकानही चालवलं. आता पोटातल्या गाठीने पार वाळवून टाकलं होतं, पण जीभ शाबूत. सिस्टरना पहिल्याच दिवशी म्हणाले, “तुमचा युनिफॉर्म ज्याने शिवलाय ना, त्याचा पत्ता द्या. मरायच्या आधी चार शब्द सुनवायचेत त्याला.” सिस्टर खो खो हसल्या होत्या.

त्याच दुपारी त्यांनी उशीखालून टेप काढली आणि पलंगाला खेटून ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीकडे हात नेला. माप खुर्चीचं नव्हतं, खुर्चीतल्या कुणाचं तरी होतं. मुलीला आधी गंमत वाटली. सोमवारी खांदा साडेनऊ, म्हणजे लहान पोराचं माप. मंगळवारी साडेदहा. बुधवारी साडेअकरा, वर एक शेरा: ‘उजवा खांदा अर्धा इंच उतरता.’ गुरुवारी साडेबारा. आज शुक्रवार. तिने मागची पानं चाळली आणि तिच्या पाचावर धारण बसली. खुर्चीत जे काही येऊन बसत होतं, ते वाढत होतं.

ती तडक व्हरांड्यात गेली. फोन केला. मग सिस्टरना गाठलं.

“ते पुरतं वाढलं की बाबांना घेऊन जाणार,” ती कुजबुजली. स्वतःचं बोलणं ऐकून तिची तिलाच लाज वाटली, पण भीती काही कमी होईना. “मी ॲम्ब्युलन्स बोलावलीय. मोठ्या हॉस्पिटलात नेते त्यांना.”

सिस्टर रागावल्या नाहीत. “न्या ना, ताई. तुमचे वडील आहेत. पण तिथे नळ्या घालतील, आणि त्या ओढू नयेत म्हणून हात बांधतील. मग टेप कशी धरणार ते? हे बघा, आम्ही इथे मरण आणत नाही आणि अडवतही नाही. दुखणं तेवढं अडवतो. बाकी पुष्कळांकडे इथे कुणी ना कुणी येऊन बसतं. घाबरू नका. कोण आलंय, ते विचारा त्यांना.”

“मला नाही ऐकायचं.”

“खरं सांगू?” सिस्टर हळूच म्हणाल्या. “त्यांनी मंगळवारीच जायला हवं होतं. नाडी हाताला लागत नाही. कशासाठी तरी थांबलेत ते.”

ती खोलीत परतली आणि सामान भरू लागली. चपला, स्वेटर, चष्मा. खुर्चीकडे पाहायचं नाही असं ठरवूनच भरलं. बॅग खांद्याला लावली, तर पट्टा घसरला. पुन्हा लावली, पुन्हा घसरला. ही तर मेली जन्माची कटकट! दहा वर्षांची असताना ती झाडावरून पडली, गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून उजव्या खांद्यावर म्हणून काही टिकत नव्हतं.

ती जागच्या जागी थांबली. मग वही उघडली. बुधवार. उजवा खांदा अर्धा इंच उतरता.

बाहेर ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहिली.

“बाबा,” तिने विचारलं. “माप कुणाचं घेताय?”

“कुणाचं म्हणजे? दर वर्षी शाळेच्या आधी कुणाचं घेतो?” मास्तर खुर्चीकडे पाहूनच करवादले. “आणि धड बसेल तर शपथ! नुसती चुळबुळ.”

ती पलंगाला वळसा घालून आली. खुर्चीवर हात ठेवला. बैठक गरम होती. आत्ता आत्ता कुणी उठून गेल्यासारखी. तिने डोळे घट्ट मिटले आणि बसली.

मास्तरांची बोटं तिच्या पाठीवरून फिरली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. “साडेचौदा.” त्यांनी पुन्हा मोजलं. “साडेचौदाच. वाढ थांबली बघ.” टेप गुंडाळून त्यांनी तिच्या हातात दिली. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “आई गेली त्या दिवशी तुला शब्द दिला होता. तू मोठी होईस्तोवर मी कुठ्ठे जायचा नाही. झालीस ना गं मोठी?”

दारात स्ट्रेचर घेऊन दोघं जण उभे होते. त्या बेचाळीस वर्षांच्या बाईला जीव तोडून ‘नाही’ म्हणावंसं वाटलं. तिने हातानेच त्या दोघांना परत जायची खूण केली.

“हो, बाबा,” ती म्हणाली. “झाले मोठी.”