पलवशाचं बारसं

"शर्वरी. दुसरं काही तोंडातून निघालं तर बघ," सुचित्राबाई लेकीच्या कानात म्हणाल्या.

उल्का पाळण्यावर वाकली होती. पाळणा कसला, बॅटरीचा झोपाळा. आपणहून हलायचा, टिंगटिंग वाजायचा. अमेरिकेतल्या एडिसन गावच्या त्या घरात तीस माणसं जमली होती, त्यातली अठरा कम्प्युटरवाली, पण तो बंद कसा करायचा हे एकालाही येत नव्हतं. आत बारा दिवसांची पोर भोकाड पसरून रडत होती.

नाव आत्यानं ठेवायचं. आत्या कानात सांगेल ते नाव, मग ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. हॉस्पिटलच्या कागदावरही अजून नुसतं 'बेबी गर्ल' होतं. म्हणून सुचित्राबाईंनी उल्काला अ‍ॅशबर्नहून दोन दिवस आधी बोलावून घेतलं आणि तिच्याकडून शर्वरी पाठ करून घेतलं. इथे मुलगी की मुलगा ते पोटातच कळतं, त्यामुळे नागपूरच्या सोनाराकडून चांदीच्या वाटीवर शर्वरी कोरूनही आणलं होतं.

मुलाला आणि सुनेला ठेवायचं होतं पलवशा.

सून झरमीना पठाणांची पोर. पिस्कॅटवेला कॉलेजात ईशानला भेटली. तिच्याबद्दल सुचित्राबाईंची तक्रार नव्हती. तिची पोळी उल्काच्या पोळीपेक्षा गोल होती. तक्रार नावाची होती.

"अर्थ काय म्हणे त्याचा?" त्यांनी महिन्यापूर्वी विचारलं होतं.

"किरण, आई. पश्तू भाषेत पलवशा म्हणजे उजेडाचा किरण," ईशान म्हणाला.

"किरण तर आपला इन्शुरन्सवाला आहे. मिशा आहेत त्याला."

"आणि शर्वरी म्हणजे रात्र."

"मग? रात्री माणसं झोपतात तरी. उजेडात कोण झोपतंय?"

तिथे बोलणं संपलं. त्या घरातलं बोलणं सुचित्राबाईंपाशीच संपायचं.

आता उल्कानं मान वर करून आईकडे पाहिलं. "आई, मान माझा आहे," ती म्हणाली. खाली वाकली आणि मोठ्यानं ओरडली, "कुर्रर्र... पलवशा!"

बायकांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत हलके धपाटे घातले. सुचित्राबाईंनी रिवाज सोडून घातले. एक, दोन, तीन.

"आई, लागतंय!"

"लागायलाच घालतेय."

तेवढ्यात सोफा करकरला. विहीणबाई, म्हणजे झरमीनाची आई, उठल्या होत्या. बाई पेशावरची, कपाटाच्या दाराएवढी रुंद. इतका वेळ मुकाट्यानं घुगऱ्या खात होत्या. त्या चालत आल्या, एका हातानं उल्काला बाजूला सारलं आणि सुचित्राबाईंच्या पुढे आपली पाठ करून उभ्या राहिल्या.

"नाव मी सुचवलंय. मारायचं तर मला मारा. या पोरीचा काय दोष?"

दोघींचं बोलणं हिंदीत व्हायचं. विहीणबाईंचं उर्दूच्या वळणाचं, सुचित्राबाईंचं भाजीबाजारातलं. आता घरात फक्त पोर आणि झोपाळा बोलत होते.

सुचित्राबाईंचा हात वरच राहिला. विहिणीला मारायचं कसं? विहिणीला साडी देतात, धपाटा नाही. "आपको हम कैसे मारेगा?" त्या म्हणाल्या. पण वर गेलेला हात उगाच खाली कसा घ्यायचा, म्हणून त्यांनी विचारलं, "कुणाचं आहे एवढं हे नाव?"

"माझ्या सासूचं."

"बाई बाई, किती ते प्रेम!" शेजारच्या नीनाकाकूंनी डोळ्याला रुमाल लावला.

विहीणबाई गर्रकन वळल्या. "प्रेम? एकतीस वर्षं त्या बाईनं मला बूड टेकू दिलं नाही. पहाटे हाक मारायची ती झोपेपर्यंत. मी उलटून एक शब्द बोलले नाही. ती गेली त्या दिवशी ठरवलं, नात झाली की पलवशा. मग मी हाका मारणार. पलवशा, इकडे ये. पलवशा, ताट उचल. पलवशा, आधी नाक पूस. मी सांगणार, पलवशा ऐकणार. मी मरेपर्यंत."

झरमीनाचं तोंड उघडंच राहिलं. "अम्मी! तू तर म्हणालीस किरण म्हणून!"

"किरणच. डोळ्यात जाणारा."

सुचित्राबाईंनी हात खाली घेतला. विहीणबाईंकडे त्या अशा बघू लागल्या, जसं परगावच्या बाजारात अचानक माहेरचं माणूस दिसावं. जवळची खुर्ची ओढून त्यांनी आधी विहिणीला बसवलं. मग मुलाला हाक मारली.

"ईशान, इथल्या कागदावर मधलं नावही लागतं ना?"

"मधलं नाव माझं असतं, आई."

"तुझं नाव तिला काय करायचंय? बाप कोण ते तिला रोज दिसेलच. माझ्या सासूचं नाव लिही."

"आणि शर्वरी?" उल्का पाठ चोळत म्हणाली. "त्या वाटीचं काय?"

"वाटीत भात कालवतात. वाटी वाचत नाहीत."

सुचित्राबाईंनी पदर खोचला. पोर अजून रडतच होती. त्या पाळण्यावर वाकल्या. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, सासूला जाऊनही बारा झाली, तरी जे नाव कधी जिभेवर आणायची छाती झाली नव्हती, ते त्यांनी तीस माणसांसमोर खणखणीत घेतलं.

"द्वारका," त्या म्हणाल्या, "गप!"