विंगेतून

सासऱ्यांनी खडू उचलला, गिऱ्हाइकाच्या जाकिटाकडे पाहिलं आणि ते अडले. "याला... याला..."

"अस्तर बदलावं लागेल," सुनेनं पटकन सांगून टाकलं.

गिऱ्हाईक तिच्याकडे वळलं. पुढचं सगळं तिच्याशीच ठरलं. सासऱ्यांनी नुसती मान डोलवली, खडू ठेवला आणि ते मशीनमागे जाऊन बसले.

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून असंच चाललं होतं. हात शाबूत होते, कात्री पूर्वीसारखीच सरळ चालायची. शब्द तेवढे ऐन वेळी दडी मारायचे. चारचौघांत त्यांची शोभा होऊ नये म्हणून सून डोळ्यांत तेल घालून शेजारी उभी असायची. ते अडले रे अडले, की तिचा जीव खालीवर व्हायचा आणि वाक्य तीच पुरं करायची. नवऱ्याचं म्हणणं, मुक्या शिंप्याकडे कोण येणार? शेजारच्या मोबाइलवाल्याला दुकानाचा हा गाळा हवाच होता. तो आज संध्याकाळी उत्तर घ्यायला येणार होता. नवऱ्यानं बाबांना विचारलं होतं. त्यांनी मान डोलवली होती. हल्ली ते सगळ्यालाच मान डोलवायचे.

दुपारी नणंद आली. नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेली, पण ते सगळं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करण्यात, नटांना विसरलेले शब्द पुरवण्यात गेलं, म्हणून भाऊ तिला 'पडद्यामागची हिरॉईन' म्हणायचा. आता ती एका कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करत होती. त्याला पदवी कशाला लागते, दोन कान पुरेत, हेही भावाचंच.

ती टेकते न टेकते तोच एक बाई आईचा जुना कोट घेऊन आल्या. तो त्यांना स्वतःच्या मापाचा करून हवा होता. सासऱ्यांनी शिवण उलटून पाहिली. "हा... हा..."

'कापावा लागेल' हे सुनेच्या जिभेवर आलंच होतं. नणंदेनं तिचं मनगट धरलं.

बाई चुळबुळायला लागल्या. सासरे कोटाची कॉलर चाचपत राहिले. मग त्यांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. ती पुटपुटली, "का..."

"कापायचा नाही," सासरे म्हणाले. "कापला तर आईचा राहणार नाही. आतून... आतून टीप घालू."

बाईंनी डोळे पुसले आणि कोट त्यांच्या हातात दिला. सुनेकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्या गेल्यावर सुनेनं विचारलं, शब्द माहीत होता तर एवढा वेळ गप्प का राहिलीस?

"वहिनी, नट आपल्याकडे बघत नाही, तोवर तो विसरलेला नसतो. थांबलेला असतो. आपण मध्ये बोललो, की वाक्य त्याचं राहत नाही."

संध्याकाळी नवरा मोबाइलवाल्याला घेऊनच आला. बाबांचा होकार आहे, मी विचारलंय, असं त्यानं दारातूनच सांगितलं.

"गाळा..." सासरे अडले.

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. सांग ना, अशा अर्थानं. ती सासऱ्यांचे डोळे बघत होती. ते कुणालाच शोधत नव्हते. तिनं ओठ घट्ट मिटले. मोबाइलवाला खाकरला.

"मान डोलवली," सासरे एकेक शब्द वेचत म्हणाले, "कारण माझ्या बोलण्यासाठी कुणी थांबतच नव्हतं. गाळा द्यायचा नाही."