खिडकीतला रुमाल

"निष्ठा!" राजारामभाऊ गरजले. "माणसाला जनावरापासून वेगळं काढणारी जगात एकच गोष्ट आहे. निष्ठा!"

हे सांगताना त्यांनी उजवा हात उंच केला. हातात वेफर्सचं पाकीट होतं. नॅशनल पार्कातल्या एका माकडाने ते अलगद काढून घेतलं आणि झाडावर जाऊन खायला सुरुवात केली.

मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक संघातलं कोणी हसलं नाही. भाषण पवईपासून चालू होतं. बोरिवली येईपर्यंत मंडळींची हसायची ताकद संपली होती.

"अहो, पाकीट माझं होतं," जयाताई तेवढ्या म्हणाल्या.

राजारामभाऊंनी बायकोकडे लक्ष दिलं नाही. ते निष्ठेचं उदाहरण देत होते. उदाहरणाचं नाव चंद्रप्रकाश. दोघे टेलिफोन खात्यात एकाच टेबलावर होते. राजारामभाऊंनी आयुष्यभर इतरांची बोलणी जोडून दिली आणि निवृत्तीनंतर स्वतःची शिल्लक बाहेर काढली. ती सगळी चंद्रप्रकाशने ऐकली. रोज सकाळी, बागेतल्या बाकावर, एकदाही न उठता.

आज मात्र तो आला नव्हता. पहाटेच फोन आला होता. "गुडघा धरलाय रे. पाऊल टाकवत नाही. तू जा. वाघाला माझा जयभीम सांग." राजारामभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढ्या वेदनेतही त्याला वाघाची आठवण होती!

सफारीची बस लागली. बसला जाळी होती. त्यामुळे बाहेरून रुमाल टाकून जागा धरता येईना. मग राजारामभाऊ सगळ्यांच्या आधी चढले आणि डावीकडच्या खिडकीत स्वतःच्या हाताने रुमाल पसरला. स्वतः शेजारी बसले.

"भावजी आलेत कुठे?" जयाताईंनी विचारलं.

"म्हणून काय झालं? खिडकी त्याचीच. मित्र नसताना मित्राची जागा राखणं, यालाच—"

"कळलं," जयाताई म्हणाल्या आणि मागच्या सीटवर गेल्या. तिथल्या खिडकीपाशी संघाच्या खाऊच्या पिशव्या रचल्या होत्या, पार वरपर्यंत. जयाताईंना जिलबीचा खोका दिसत होता. जंगल त्याच्या पलीकडे होतं.

बस फाटकातून आत शिरली. गाइडने माइक हातात घेतला. राजारामभाऊंनी तो घेऊन सांगितलं, की कान्हेरीच्या लेण्यांवर ते जेवणानंतर सविस्तर बोलणार आहेत. मागून कोणीतरी खोल श्वास सोडला. गाइडला माइक परत मिळाला नाही.

वळणावर बस थांबली. समोरून दुसरी बस येत होती. ती डाव्या अंगाला, अगदी खेटून, उभी राहिली. आत सगळ्या पिवळ्या टोप्या.

"शेजारच्या सोसायटीचा हास्यक्लब," राजारामभाऊंनी माइकवरून माहिती दिली. "विनोद नसतानाही हसणारी माणसं. बघून घ्या. हाही एक प्राणीच—"

ते थांबले. पलीकडच्या बसमध्ये एक पिवळी टोपी उभी होती. जाळीला धरून, दोन्ही गुडघे ताठ. टोपीखाली चंद्रप्रकाश होता.

राजारामभाऊंनी डोळे पुसले. चंद्रप्रकाश तिथेच होता. हसतही होता. एवढ्या वर्षांत त्याचे वरचे दात राजारामभाऊंनी कधी पाहिले नव्हते.

त्यांनी माइक मांडीवर ठेवला. खिशातून मोबाइल काढला. नंबर लावला.

पलीकडे चंद्रप्रकाशने खिसा चाचपला. फोन काढला. नाव वाचलं. मग तो शेजारच्याला दाखवला आणि घाईघाईने खिशात परत टाकला. शेजारचा हसला. त्याच्या मागचा हसला. मग सगळी बस हसली. क्लबला पहिल्यांदाच विनोद सापडला होता.

इकडच्या बसमध्ये एवढी शांतता होती, की राजारामभाऊंच्या कानाशी वाजणारी रिंग सगळ्यांना ऐकू येत होती. ती वाजून वाजून बंद पडली.

ते सावकाश मागे वळले. "जया, गुडघा धरलाय म्हणाला होता गं तो."

जयाताई जिलबीच्या खोक्याकडे बघत राहिल्या.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या आठवड्यापासून. त्यांच्या बसमध्ये एकच जागा उरली होती." जयाताईंनी पदर सारखा केला. "भावजी म्हणाले मला हवी, मी म्हटलं मला. भांडण कशाला, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या."

"कसल्या चिठ्ठ्या?"

"दिवसभर तुमच्याबरोबर कोणी यायचं, त्याच्या. मी हरले."

राजारामभाऊंनी तोंड उघडलं. निष्ठेवर बोलण्यासारखं अजून बरंच होतं. पवईला तर होतं. आता आत काही हाताला लागेना.

पलीकडची बस हलली. तिच्या मागे बांबूचं बेट दिसू लागलं. बेटातून काहीतरी पट्ट्यापट्ट्यांचं उठलं, आळस देऊन बाहेर आलं आणि थेट बसच्या दिशेने चालू लागलं.

"वाघ!" गाइड माइकशिवाय कुजबुजला. "डावीकडे!"

उजवीकडची सगळी मंडळी उभी राहिली. वाघ आला आणि बरोबर त्या रिकाम्या खिडकीसमोर थांबला. त्याने आत पाहिलं. रुमाल पाहिला.

राजारामभाऊंच्या खांद्यावर मागून एक हात पडला. त्यांना वाटलं, सांत्वन असेल.

"अहो," जयाताई हळूच म्हणाल्या, "तेवढा रुमाल उचला ना. मला वाघ बघायचाय."