मागचं झाड

इंडोनेशियातल्या बांडुंगला दर रविवारी पुंचलुतचा चढ आला, की पाक, म्हणजे काका, कोसासिह अर्ध्यातच सायकलवरून उतरायचे आणि ती ढकलत न्यायचे. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली जांभळी जर्सी, तिला जुळणारे मोजे, चकचकीत गॉगल, सगळं कसं झोकात! त्यामुळे सायकल ग्रुपमधली पोरं जास्तच चेकाळायची. "पाक, कपडे शर्यतीचे आणि चाल वरातीची!"

फक्त एका माणसासमोर ते मेले तरी उतरत नसत. तो म्हणजे रस्त्याकडेला कॅमेरा घेऊन बसणारा आणि सायकलवाल्यांना त्यांचे फोटो विकणारा देदेन. फोटोत सायकल ढकलताना दिसायचं? छे! पोट आत, हसू बाहेर, आणि त्याला ओलांडेपर्यंत पॅडल चालूच. घरी तो फोटो बघून बायको, एनुंग, एवढंच म्हणायची, "छान आलाय हो. हे मागचं झाड कुठलं?"

पण हल्ली हा देदेन दर रविवारी थोडा वर सरकून बसू लागला होता. आज तर तो चढाच्या टोकाला, बांद्रेक या आल्याच्या गरम पेयाच्या टपरीपाशी! मनातल्या मनात त्याला शिव्या घालत, धापा टाकत, पाक एकदाही न उतरता तिथवर पोचले. फोटो निघाला, आणि मगच त्यांनी रस्त्याकडेला फतकल मारली.

"गाढवा, तुला एका जागी बसता येत नाही का रे?"



"मी काय करू, पाक? शनिवार आला की तुमच्या इबू एनुंगचा फोन असतो, 'उद्या आणखी वीस पावलं वर बस.'"