वेल्डरीणबाईंची नोकरी

"बाईंना बाहेरच बसू द्या," साहेब म्हणाले. "आपण दोघं बोलू."

 कुबड्या सावरत वेल्डरीण दाराबाहेरच्या बाकावर टेकली. नवरा एकटाच आत गेला.

कारखान्यात लोखंडी पत्रा घसरून तिचा पाय गेला, तेव्हापासून ती या पुनर्वसन केंद्राच्या पायऱ्या झिजवत होती. हात शाबूत होते. बसून करता येईल असं काम शिकवा, एवढंच तिचं मागणं. त्याच पत्र्याखाली सापडलेल्या गोऱ्या फिटरला केंद्राने क्रेन चालवायला शिकवलं. तो केव्हाच कामाला लागला. हिला आधी शिवणाचा वर्ग दाखवला, मग तोही भरला म्हणून सांगितलं.

"एक तर पाय गेला, त्यात बाई, त्यात काळी. म्हणजे माझे तिन्ही पाय लंगडे," असं ती हसून म्हणायची. अलीकडे ते हसणंही आटलं होतं. दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. परवा नवऱ्याला हळूच म्हणाली, "मला कुठेतरी कामाला लाव. या घरात मी कुजून मरेन."

आज केंद्राचं बोलावणं आलं, तर सगळ्यांच्या आधी तयार. अंगात कारखान्याचा निळा शर्ट. इस्त्री नवऱ्याने केली, तर कॉलरला नावं ठेवण्याइतकी तरतरी आली होती.

"काम मिळालं त्यांना," साहेब म्हणाले.

नवऱ्याच्या जिवात जीव आला. लांब आहे का, त्याने विचारलं. छे, बसचीसुद्धा गरज नाही, साहेब म्हणाले. शिकवण्याचाही प्रश्न नाही, काम त्यांना येतंच.

"मालकाला पायाचं सांगितलंय ना?"

"सगळं माहीत आहे त्यांना."

तो जरा घुटमळला. "आणि रंगाचं?"

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "त्यांची हरकत नसावी."

असा माणूस या गावात आहे, हे त्याला खरंच वाटेना. त्याने दाराच्या काचेतून बायकोला अंगठा दाखवला. ती कुबड्या विसरून उठायला गेली, धडपडली, भिंतीला धरून हसत उभी राहिली.

"तिने कधीपासून जायचं?"

"रुजू झाल्याची नोंद केलीसुद्धा." साहेबांनी उठून हात पुढे केला. "काम गृहिणीचं. मालक तुम्ही."