टाचेवरची निळी फुलपाखरं

डोळे मिटा आणि एक बूट बघा. एकच. उंच, निमुळत्या टाचेचा, सोनेरी कातड्याचा, परदेशातून आलेला. आता त्याच्यावर फुलपाखरं बसवा. पिवळी पुढे, बोटांपाशी. पांढरी दोन्ही बाजूंना. निळी मागे, टाचेवर. बसवलीत? मग इतक्यात डोळे उघडू नका. उज्वलालाही तो बूट अगदी असाच दिसत होता, स्वप्नातल्यासारखा.

रिहे गावात, गौतमीताईच्या कामाच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर तो उभा होता. गौतमीताई शिल्पं करायची. महागातली एखादी वस्तू घ्यायची आणि औषध लावून वाळवलेली खरी फुलपाखरं तिच्यावर चिकटवायची. ती बघायला मुंबईत माणसं रांगा लावायची. आठ वर्षांची उज्वला शेळीचं दूध द्यायला आली होती. पायांना चिखल होता, म्हणून ती दारातच थांबली होती.

"दुसरा कुटंय?" तिनं विचारलं.

"दुसरा नाही. एकच करायचा असतो."

"मंग घालायचा कसा?"

गौतमीताई हसली. "घालायचा नाही गं, बघायचा. फुलपाखरं जिवंत वाटतात की नाही?"

"लई," उज्वला म्हणाली. आणि ते खरं होतं.

टाच मात्र अर्धीच झाली होती. निळी फुलपाखरं कमी पडली होती, आणि बूट न्यायला गाडी उद्या येणार होती. "आता एवढी निळी कुठून आणू मी?" गौतमीताई स्वतःशीच पुटपुटली.

उत्तर येत असलं की तुम्ही वर्गात काय करता? उज्वलानंही तेच केलं. हात वर केला. "आमच्या मेंढरांच्या जागंवर येत्यात! निळीच. ढिगानं!"

भात कापून झालं की उज्वलाच्या घरची मेंढरं गावातल्या हैबतरावांच्या खाचरात बसवतात. रात्रभर ती तिथंच मुक्काम करतात आणि त्यांच्या लेंड्यांचं, मुताचं शेताला खत होतं. सकाळी त्या खारट ओलाव्यावर ऊन पडलं, की फुलपाखरं मीठ चाखायला उतरतात.

त्याआधी आजी मेंढरं उठवते. तिचं नाव तुकाबाई. ती कडेला उभी राहून एक टाळी वाजवते. एकच, मोठी. सगळा कळप अंग झाडत उठतो. आजी उज्वलाला सांगते, "उठली त्येंची काळजी न्हाई. जे बसून ऱ्हाईल, आदी त्याच्यापाशी जायाचं." मग ती त्या बसून राहिलेल्या मेंढीजवळ गुडघे टेकते, मिठाच्या पाण्यात बोट बुडवते आणि तिच्या तोंडाशी धरते. चाटलं, की आजीचा चेहरा उजळतो.

त्या दिवशी उज्वला आणि गौतमीताई खाचरात पोचल्या तेव्हा कळप बांधावरून निघाला होता. गौतमीताईच्या एका हातात जाळी होती, खांद्यावरच्या पिशवीत बरणी होती आणि दुसऱ्या हातात बूट. निळा रंग जुळतो का, ते बघायला तिनं तो सोबत आणला होता.

"काय गं बाई ही टाच!" तुकाबाई म्हणाली. "मेंढरामागं दोन पावलं तरी जाईल का ही?"

"जाणार नाही, आजी. ही नुसती उभी राहणार."

"मंग बरं हाय तिचं," असं म्हणून तुकाबाई कळपामागं गेली. घंटांचा आवाज हळूहळू डोंगराकडे विरला. खाचरावर कोवळं ऊन पसरलं. ओल्या मातीतून वाफ निघत होती, आणि त्या वाफेत काही निळं लुकलुकत होतं.

गौतमीताईनं बरणीचं झाकण सैल केलं. आत कापसाचा बोळा होता.

"ह्ये काय?"

"औषध. यात ठेवलं की झोपतात."

"मंग उठत्यात कवा?"

गौतमीताईनं बोळा नीट बसवला. "उठत नाहीत, उज्वला. पण अशीच सुंदर राहतात, कायमची. नाहीतरी दहा-पंधरा दिवसांत पंख फाटून मरतातच ती."

उज्वला बरणीकडे बघत राहिली. ही जागा तिनंच दाखवली होती.

गौतमीताईनं बूट ओल्या मातीवर ठेवला. दोघी मागे सरल्या. आधी एक निळं फुलपाखरू मातीवर उतरलं. मग एक बुटाच्या टोकावर. मग टाचेवर, पट्ट्यावर, आणखी आणखी. पंख मिटत होते, उघडत होते. सोनेरी बूट श्वास घेऊ लागला. गौतमीताईनं इतकी वर्षं मनात पाहिलेलं शिल्प हेच होतं. तिचे डोळे भरून आले. तिनं जाळी अलगद वर उचलली.

"हलू नकोस," ती कुजबुजली. "बघ ना... यातली माझी कुठली आणि जिवंत कुठली, सांगता येईल तुला?"

उज्वलानं नीट पाहिलं. तिला सांगता येईना.

म्हणून तिनं टाळी वाजवली. एकच, मोठी.

सगळं निळं एकदम उठलं. जाळी रिकाम्या हवेत खाली आली. गौतमीताई रागानं वळली. तिला बूट दिसला. पुढे पिवळी, बाजूंना पांढरी, टाचेवर थोडी निळी. एकही जागचं हललं नव्हतं.

आणि उज्वला? ती त्या बसून राहिलेल्यांपाशी गेली. तिनं गुडघे टेकले, ओल्या मातीत बोट बुडवलं आणि टाचेवरच्या पहिल्या निळ्या फुलपाखराच्या तोंडाशी धरलं.